देवांगला बघायला आले

२७ एप्रिल, रविवार

सगळ्यांत आधी आली ती राधिका. बोलावलं होतं कोणाला आणि दारात उभं कोण. मागच्या गल्लीत राहते, नागपूरची. संक्रांतीला तिळगूळ भरून दिलेली वाटी तीन महिने तिच्याकडे पडून होती, ती बरोबर आजच परत करायची आठवण झाली, आणि वाटी परत करायला बाई लिपस्टिक लावून आल्या. "मावशी, पाहुणे यायचेत ना अजून? मग बसते पाच मिनिटं." चहा पिऊन, चिवडा खाऊन, पाहुण्यांबरोबर फोटो काढूनच उठली.

वही नवी आहे, म्हणून कोण कोण ते एकदा लिहून ठेवते. मी इंदू, चौथी पास, कोपरगावची. हे गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मुलाकडे आले, सत्यजितकडे, मिशिगनात ट्रॉय म्हणून गाव आहे तिथे. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. सून नीलांबरी, मी नीला म्हणते. नातू देवांग एकोणीस वर्षांचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. नात रुही अकरावीत, तीच माझी दुभाषी.

आणि पाहुणे म्हणजे देवांगला बघायला आलेली माणसं. तो कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळतो. आता पगार देऊन खेळवणाऱ्या मोठ्या टीमवाल्यांचा त्याच्यावर डोळा आहे. त्यांनी घेतलं तर कॉलेज सोडायचं, दोन वर्षं राहिली तर राहिली. जूनमध्ये सगळ्या टीमा बसून पोरं निवडतात म्हणे. देवांगने नाव दिलंय, पण मेच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत नाव मागे घेता येतं. मागे घेतलं तर कॉलेजात परत, नाही घेतलं तर कॉलेजचा खेळ कायमचा संपला. आमच्या घरात सध्या दुसरा विषय नाही.

पाहुणे दोघं. कॅल्विन म्हणून एक काळे गृहस्थ, साठीचे, पूर्वी स्वतः खेळायचे. दारातून वाकून आत आले. मी नमस्कार केला तर त्यांनी माझे जोडलेले दोन्ही हात आपल्या एका हातात धरले आणि माझ्या बांगड्यांपर्यंत सगळं दिसेनासं झालं. बरोबर मॉरीन नावाची बाई. केस बारीक कापलेले, बोलते कमी, बघते फार.

देवांगला त्यांनी भिंतीपाशी उभं केलं. बूट काढून उंची घेतली, साडेसहा फुटाला एक बोट कमी. दोन्ही हात पसरायला लावून ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरली. तळवा मोजला. मला माझंच आठवलं. मला बघायला आले तेव्हा सुईत दोरा ओवायला लावला होता आणि अंगणात चालून दाखव म्हणाले होते, लंगडते का ते बघायला. फरक एवढाच की तेव्हा मी खाली मान घालून होते आणि देवांग हसत होता.

एवढी उंची कुठून आली हे मला अजून कळत नाही. नीलाचे वडील लष्करात होते, सहा फूट होते, ते मान्य. पण त्याच्या लहानपणी मी त्याला दोन वर्षं खारकेची पूड पाठवत होते ते कोणी बोलत नाही.

कॅल्विन जाताना रुहीला म्हणाले, आजींना सांग, वीस वर्षं मुलं बघतोय, ह्याची पावलं पडतात तशी कोणाची पाहिली नाहीत. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने आणि भीतीनेही. असं तोंडावर बोलतात का कोणी लेकराला? पाहुणे वळल्या वळल्या मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. इथे गॅसवर टाकल्या की छतावरचा भोंगा ओरडतो, म्हणून सिंकमध्ये सोडून नळ चालू करते. चालत असावं.

दहा तारखेला परत येणार आहेत, घरच्यांशी बोलायला.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. आमरस-पुरी केली. देवांग कॉलेजातून दीड तास गाडी चालवून जेवायला आला आणि चोवीस पुऱ्या खाल्ल्या. मोजू नये, पण मोजल्या.

जेवताना नवराबायकोचं जुंपलं. सत्यजित म्हणाला, "ह्या घरात डिग्री न घेता कोणी राहिलेलं नाही."

मी म्हटलं, "मी राहिले की."

रुही ठसका लागेपर्यंत हसली. सत्यजित म्हणाला, "आई, तुझं वेगळं गं."

नीला म्हणाली, "सत्या, डिग्री काय, तिशीतसुद्धा करता येईल. उडी तिशीत मारता येणार नाही. आणि ह्या वर्षी लोक विचारतायत, पुढच्या वर्षी विचारतील कशावरून? दर वर्षी नवी पोरं येतात. यार, तू स्वतः सगळं सोडून इथे आलासच ना?"

"मी शिकायला आलो होतो."

"आणि तो खेळायला जाईल."

देवांग नुसता रस ओरपत होता. शेवटी म्हणाला, "आय वॉन्ट टु गो, बाबा. आत्ताच. आत्ताच जायचंय." एरवी कसा शांत बोलतो, आज घाई होती आवाजात. तरुण रक्त आहे.

मला ह्या सगळ्याचं नवलच वाटतं. माझी शाळा चौथीत सुटली, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी हवं होतं म्हणून. बाईंनी हजेरीत माझं नाव खोडलं, एवढंच. विचारायला कोणी घरी आलं नाही. आणि ह्याची शाळा सुटावी म्हणून विमानात बसून माणसं येतात.

२ मे, शुक्रवार

देवांग परवापासून इथेच आहे, परीक्षा झाली. काय गुणाचं पोर आहे ते लिहून ठेवायला हवं.

माझ्या गुडघ्यांना मी महानारायण तेल लावते. आज तो खाली मांडी घालायला गेला, पण पाय लांब करूनच बसला, एवढे लांब पाय दुमडणार तरी कसे. म्हणाला, "दे आजी, मी लावतो." मी म्हटलं, तुझे हात करोडोंचे, म्हाताऱ्या गुडघ्याला कशाला लावतोस. ऐकलं नाही. त्याच्या तळव्यात माझा अख्खा गुडघा मावतो. मग गंमत म्हणून आपल्याही डाव्या गुडघ्याला चोळत बसला. बराच वेळ. विचारत होता, तुझं नक्की कुठे दुखतं, वाटीच्या खाली का? जिना चढताना जास्त की उतरताना? मी म्हटलं उतरताना. म्हणाला, "हां."

कोण विचारतं हो म्हातारीला इतकं खोदून खोदून? राधिकाचा मुलगा तर आजीला फोनवर हाय म्हणतो आणि फोन आईकडे देतो.

बाटली मात्र लवकर संपतेय. माझाच हात सैल पडतो वाटतं.

४ मे, रविवार

आज कॉलेजचे कोच येऊन गेले. ठेंगणे, लाल चेहऱ्याचे, सारखे बसल्या जागी पाय हलवतात. हे गृहस्थ उलटं सांगायला आले होते, की अजून एक वर्ष राहू दे. म्हणाले, पोरगा हिरा आहे पण अंग अजून भरायचंय, वीस पौंड वजन वाढवू, मग पाठवू. सत्यजितचा चेहरा असा फुलला की विचारू नका. नीलाने चहात साखर कमी घातली.

म्हणजे ह्याची शाळा सुटावी म्हणूनही लोक येतात आणि सुटू नये म्हणूनही येतात.

मी रुहीमार्फत कोचना सांगितलं, मार्चमध्ये मी खेळ बघायला आले होते. त्यांना माहीत होतं. म्हणाले, लाल नऊवारीतल्या आजी टीव्हीवर दिसल्या होत्या. नऊवारी नव्हती, पाचवारीच होती, पण मी दुरुस्त केलं नाही.

तो दिवस वहीत कुठेच नाही, म्हणून आज लिहिते. पंधरा हजार माणसं. एवढी माणसं मी एका छताखाली कधी पाहिली नव्हती. सगळी एका आवाजात माझ्या नातवाचं नाव घेत होती, त्याचं "डेव" करून टाकलंय, पण नाव त्याचंच. आणि तो वर गेला. उडी मारली असं लिहायला हवं, पण उडी मारलेला माणूस लगेच खाली येतो. हा वर गेला, वर थोडा थांबला, कोणाकडे चेंडू द्यावा ह्याचा विचार केला, नाही दिला, स्वतःच जाळीत टाकला आणि मग सावकाश खाली आला. माझ्या शेजारी एक गोरी म्हातारी होती, अनोळखी. तिने माझा हात धरला होता आणि मी तिचा. दोघींनाही कळलं नाही कधी धरला.

देवाने एखाद्याला असं करून ठेवलेलं असतं आणि ते आपल्या घरी पुऱ्या खातं, ह्याला काय म्हणावं?

७ मे, बुधवार

विशेष काही नाही. फ्रीजरमधल्या मटारच्या पिशव्यांचा दगड झालाय. विरघळून पुन्हा गोठल्यासारख्या. तीनही तशाच. नीलाला म्हटलं फ्रीजर बघून घे. तिने बघितला, म्हणाली आई, फ्रीजर ठीक आहे. मग मटार काय आपणहून बाहेर फिरायला जातात?

देवांग जिना आडवा उतरतो, एकेक पायरी, कठडा धरून. वर डोकं आपटतं म्हणून असेल. इथली घरं ठेंगण्या माणसांसाठी बांधलीत.

१० मे, शनिवार

आज मी मोठं काम केलं.

कॅल्विन आणि मॉरीन बरोबर अकराला आले. राधिका ढोकळा घेऊन दहालाच. मी मसालेभात केला होता, कॅल्विननी तीनदा घेतला, हाताने खाल्ला, रुहीने शिकवलं तसा.

मग बोलणी. म्हणजे काय, तर नुसतं कौतुक. सत्यजितने मार्क सांगितले. नीलाने सांगितलं की हा जन्मात खोटं बोलला नाही. राधिकाने मध्येच उठून सांगितलं की अख्ख्या मराठी मंडळाला ह्याचा अभिमान आहे. कॅल्विन म्हणाले, शिकागोला तपासण्या होतील पुढच्या आठवड्यात, पण माझ्या मनात मी ह्याला घेऊन बसलोय. पहिल्या वीसांत नाव येईल म्हणाले. मॉरीन, जी कधी बोलत नाही, तीसुद्धा म्हणाली, असं शरीर क्वचित बघायला मिळतं.

शरीर. भर दुपारी, चारचौघांत, खाता खाता. देवांग मधोमध बसलेला, दिव्यासारखा, आणि पाच माणसं त्याच्याकडे टक लावून. मीठमोहऱ्यांनी निघायची नजर नव्हती ही.

तेवढ्यात मॉरीनने माझ्याकडे वळून काही विचारलं. रुही म्हणाली, "आजी, त्या म्हणतात आकडे सगळे आहेत आमच्याकडे. घरात कसा आहे तो? लाइक, द रिअल देवांग. तू सांग."

बोलण्यानेच लागलेली नजर बोलण्यानेच काढायची असते. माझ्या आईने आम्हा सहा भावंडांना असंच वाढवलं. कोणी गोरी म्हटलं की ती म्हणायची, कुठली, नाकाला शेंबूड बघा.

मी म्हटलं, "कसला काय हो. नावाला उंच आहे. दहाशिवाय उठत नाही. भाजीला तोंड वाकडं करतो. आणि डावा गुडघा तर गेलेलाच आहे त्याचा. माझ्यासारखा कठडा धरून जिना उतरतो."

गुडघ्याचं आपलं तोंडाला आलं. माझाच ठणकत होता त्या वेळी.

रुही थबकली. "आजी, आर यू शुअर?"

"जसंच्या तसं सांग. एक शब्द खाऊ नकोस."

तिने सांगितलं. भाजीपर्यंत सगळे हसले. गुडघ्याला कोणी हसलं नाही. कॅल्विननी भाताची ताटली खाली ठेवली आणि देवांगला हळूच विचारलं, खरं का? देवांगने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खूण केली, हो म्हण. तो "हो" म्हणाला. "डावा. वाटीच्या खाली."

काय हुशार पोर. माझ्या खोट्याला क्षणात साथ दिली, वर जागाही सांगितली. चेहरा पांढराफटक पडला होता, नजर उतरताना पडतोच.

त्यानंतर दोघं निघेपर्यंत कौतुकाचा एक शब्द बोलले नाहीत. नजर मुळासकट गेली. राधिकाचा ढोकळा तसाच राहिला, तो काही नजरेने नाही, घट्ट झाला होता.

११ मे, रविवार

इथे आज आयांचा दिवस असतो. रुहीने नीलाला फुलं आणली. पण घरात सुतक असल्यासारखं आहे.

काल पाहुणे गेल्यावर सत्यजित माझ्यावर पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "आई, काय बोललीस तू? ते टीमचे लोक आहेत, शेजारीपाजारी नाहीत. त्यांचं कामच हे आहे, घराघरांतून विचारत फिरायचं. आता बाकीच्या टीमांनाही कळणार."

"अरे, मी दृष्ट काढली. खोटंच होतं ते."

"खोटं?" तो असा हसला की मला आवडलं नाही. मग एकदम खुर्चीत बसला आणि डोळे चोळायला लागला.

नीला देवांगच्या खोलीत गेली ती तासभर. दार लावलेलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही आई, तुम्ही झोपा थोडं." मी म्हटलं, मी फोन करते त्या कॅल्विनना, रुहीला घेऊन, सांगते की म्हातारी उगाच बरळली. सत्यजित म्हणाला, आता कृपा करून कोणी काही बोलू नका.

देवांगने मात्र एक शब्द वाकडा काढला नाही. माझ्या पुढ्यातली भांडी उचलून नेली. पोराचं दोन वर्षांचं घामाचं काम, आणि मी एका वाक्यात मातीत घातलं की काय? जेवण गेलं नाही.

१६ मे, शुक्रवार

संकष्टी. इथे आज चंद्र मध्यरात्री उगवतो, म्हणून मी कोपरगावचा धरते. तिकडे उगवला की भाची फोन करते, तेव्हा इथे दुपारचे बारा-एक. सत्यजित म्हणतो हे चालत नाही, पण गणपतीने अजून तक्रार केलेली नाही.

आज उपास सोडायला बसले आणि शिकागोहून सत्यजितचा फोन आला. तिथे साठ-सत्तर पोरं बोलावली आहेत, सगळी देवांगएवढी नि त्याहून मोठी, सत्यजित त्यांच्यात उभा राहिला तर शाळेतला पोरगा वाटतो म्हणे. मला वाटलं बातमी चांगली असणार. नीलाने फोन कानाला लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "किती? किती मोठी?" एवढंच म्हणत होती.

कॅल्विननी सांगून ठेवलं होतं म्हणून डॉक्टरांनी डावा गुडघा मोठ्या यंत्रात घालून बघितला. वाटीच्या हाडाला चीर आहे. केसाएवढी.

मोदक ताटात तसाच राहिला.

१८ मे, रविवार

दोन दिवस लिहिवलं नाही. जे मनात आहे ते कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी म्हटलं गुडघा गेला, आणि गेला. घरात बसून वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे मी स्वतः हजारदा पोरांना सांगितलंय. आणि मीच, जेवणाच्या ताटांसमोर, भर दुपारी. नजर काढायला गेले आणि वास्तूने ऐकलं. मला वाटत होतं अमेरिकेतल्या लाकडी घरांना मराठी कळत नसेल. कळतं.

माझ्या आईचं कधी असं झालं नाही. पण तिने शेंबडावर भागवलं, हाडापर्यंत गेली नाही.

२१ मे, बुधवार

देवांग आला. डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा, काखेत कुबडी. कुबडीसुद्धा खास उंच आणावी लागली. मी दारातच रडायला लागले. हा हसतोय.

सोफ्यावर पाय लांब करून बसला आणि मला शेजारी बसवलं. मी म्हटलं, "बाळा, माझ्या तोंडाने झालं हे. वास्तू तथास्तु म्हणाली."

त्याला तथास्तु समजावून सांगायला रुहीला बोलवावं लागलं. तिलाही नीट येईना, तिने फोनमध्ये बघितलं. मग देवांगने माझा हात धरला आणि म्हणाला, "आजी, नो. ऐक. जानेवारीपासून दुखत होतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. कोचना नाही, मॉमला नाही. सांगितलं असतं तर कोणी घेतलं नसतं मला. म्हणून आत्ताच जायचं होतं, बिफोर इट गॉट वर्स. रोज बर्फ लावायचो."

"बर्फ कुठला? फ्रीजचं बर्फाचं यंत्र बंद आहे."

"मटार," तो म्हणाला. "सॉरी."

मग म्हणाला, "मला वाटलं तुला सगळं कळलंय. तेलावरून. तू सगळ्यांसमोर बोललीस ना, तेव्हा आधी खूप राग आला. आणि मग त्या रात्री मी झोपलो. चार महिन्यांनी पहिल्यांदा झोपलो."

म्हातारीला अपराधी वाटू नये म्हणून केवढी मोठी गोष्ट रचली पोराने. जानेवारीपासूनची, मटारासकट. मार्चमध्ये मी स्वतःच्या डोळ्यांनी त्याला उडताना पाहिलंय, दुखऱ्या पायाने कोणी असं उडतं का? त्या पंधरा हजारांचीच नजर होती ती. नीला म्हणते हा जन्मात खोटं बोलला नाही. बोलतो. पण कोणासाठी बोलतो ते बघा.

मी काही दाखवलं नाही. म्हटलं, बरं झालं बाबा सांगितलंस. त्याचं समाधान झालं.

२५ मे, रविवार

कॅल्विन आणि मॉरीन येऊन गेले. मी म्हणत होते आता कशाला येतील, मोडलेल्या ठिकाणी कोण पाऊल ठेवतं. पण आले. राधिकाला पत्ताच नव्हता, पहिल्यांदाच असं झालं. ती गेली होती डेट्रॉइटला कोणाच्या डोहाळजेवणाला. आता आठवडाभर हळहळेल.

कॅल्विननी देवांगचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पट्ट्यावरून हात फिरवला, पैलवान पैलवानाच्या पायावरून फिरवतो तसा. डॉक्टरांचं त्यांनी सगळं उलगडून सांगितलं आणि रुहीने मला. चार महिने पाय टेकवून पळायचं नाही, मग हाड पूर्ण सांधेल, होतं त्याहून पक्कं. हाच उन्हाळा तसाच खेळला असता तर वाटीचे दोन तुकडे झाले असते आणि मग पावलं कितीही चांगली असोत, उपयोग नव्हता.

मग देवांग स्वतःच बोलला, मराठीत, माझ्यासाठी असावं. "मी नाव मागे घेतोय. कॉलेजला परत जाणार. थर्ड इयर."

सत्यजितने खिडकीकडे तोंड फिरवलं, पण खांदे हसत होते ते मला मागून दिसलं. नीलाने देवांगच्या केसांतून हात फिरवला, तो बसलेला होता म्हणून पोचला, आणि म्हणाली, "चल, मग वीस पौंड वजन वाढवायचंय ना, उद्यापासून भाजी." देवांग म्हणाला, "मॉम, प्लीज."

मला वाटलं पोर खचेल. पण चेहरा कसा हलका झालेला. एकोणीस वर्षांच्या मुलाने मनातली एवढी मोठी गोष्ट हाताने बाजूला ठेवायची आणि वर हसायचं, हे मला पंधरा हजारांपुढे उडण्यापेक्षा अवघड वाटलं. मी त्याच्याकडे बघत होते तर डोळे भरून आले आणि समोरचा एवढा मोठा कॅल्विनही दिसेना.

मग कॅल्विन माझ्याकडे वळले. म्हणाले, आम्ही शंभर घरांत जातो, सगळीकडे पोराची स्तुतीच ऐकतो. खरं सांगणारी आजी पहिल्यांदा भेटली.

मी रुहीला म्हटलं, सांग त्यांना, मी खरं नव्हते बोलले, मी दृष्ट काढत होते, आणि मग वास्तूने... रुही म्हणाली, "आजी, मी हे ट्रान्सलेट नाही करणार." तरी दृष्टीचं तेवढं तिने सांगितलं. कॅल्विन मोठ्याने हसले. म्हणाले, माझी आजी अलाबामाची. पाळण्यातल्या पोराला कोणी देखणं म्हटलं की ती म्हणायची, कसलं देखणं, बटाट्यासारखं तोंड आहे. त्यांनी आपल्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, मला तर मोठा होईपर्यंत ते खरंच वाटायचं.

म्हणजे तिकडेही आहे हे. मला किती आधार वाटला ते सांगता येत नाही. बाईला कधी बघितलं नाही, गेली असेल कधीच, पण असती तर आमचं चांगलं जमलं असतं.

निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी आलो की मी तुम्हाला पुन्हा विचारणार, घरात कसा आहे तो. काय सांगाल?

मी विचारात पडले. चांगलं बोलले तर नजर, वाईट बोलले तर तथास्तु. दोन्हीकडून पोरगं माझंच. म्हटलं, "ते तुम्ही मैदानावर बघून घ्या. मला एवढंच सांगा, जेवायला काय करू?"

मॉरीन पहिल्यांदा हसली. मसालेभात, ती म्हणाली, रुहीने सांगायच्या आधी मला कळलं.

हंगामाचा घरचा पहिला सामना बघून थेट इथे येणार आहेत. दोघंही. शनिवार, आठ नोव्हेंबर.